भाऊच्या गाडीचा आवाज

बाबा,

तुमची जीप आज अंगणात उघडी पडली आहे. बॉनेट काढून भिंतीला टेकवलं आहे, समोरची जाळी विहिरीच्या कठड्यावर ठेवली आहे. इंजिनाची जागा भरलेली आहे, पण तिथे तुमचं इंजिन नाही. तुमचं इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली, सागाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवलेलं आहे. उद्या सकाळी आलापल्लीचा मिस्त्री साखळी-कप्पी घेऊन येणार आहे. नवं राहू द्यायचं की जुनं परत बसवायचं, हे तेव्हा मी पक्कं सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्हाला विचारता येत नाही, आणि आलं असतं तरी तुमचं उत्तर मला पाठ आहे. "गाडीचं काई बदलू नको, पोरी." गडचिरोलीच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, तुम्ही नीट बोललेलं ते शेवटचं वाक्य. जेवलीस का, असंही विचारलं नाहीत. मला तेव्हाच राग आला होता, पण मरायला टेकलेल्या माणसावर कोणी रागावत नाही म्हणून गप्प बसले. आता चौदा वर्षांनी रागावते आहे, तर ऐकायला तुम्ही नाहीत.

त्या जीपचा तुम्हाला केवढा लळा होता, हे मला लहानपणी कळायचं नाही. सरकारी खात्यात ड्रायव्हर असताना तुम्ही तीच चालवत होतात. खात्याने ती मोडीत काढली तेव्हा तुम्ही लिलावात उभे राहिलात आणि घरी घेऊन आलात. आईने चार दिवस अबोला धरला. सकाळी तुम्ही चोक ओढून, हँडल मारून गाडी सुरू करायचात आणि ती तशीच फडफडत ठेवून चहाला चुलीपाशी येऊन बसायचात. एक गुडघा उभा, बशी हातात, आणि कान अंगणात. आई काहीतरी सांगत असायची, तांदूळ संपले, छपराचं कवेलू फुटलं, आणि तुम्ही मधेच बोट वर करायचात. "थांब. तिसरा सिलिंडर कुरकुर करून राह्यला." आई म्हणायची, त्या सिलिंडरचं जेवढं ऐकता तेवढं माझं ऐकलं असतं तर संसार झाला असता. तुम्ही हसायचात आणि बशीतला चहा संपवून पाना शोधायला निघायचात. मी पाटीवर अक्षरं गिरवत ते बघायची. त्या घरात मला वाचता येण्याआधी तिसरा सिलिंडर ओळखता येत होता.

तो आवाज मी एकटीच ओळखत नव्हते. पहिल्या गिअरवर चढताना घशात खाकरल्यासारखा, मधेच एक ठोका गाळणारा, उतारावर फटफट करणारा तो आवाज घाटापासून नदीपर्यंतच्या एकूणएक टोल्यांना, त्या पाच-दहा घरांच्या वस्त्यांना, ठाऊक होता. दवाखान्यात न्यायला तुमचीच गाडी होती, म्हणून आजारी माणूस असलं की लोक घरातच थांबायचे. तुम्ही पलीकडचा चढ चढायला लागलात की जंगलातून आवाज पोचायचा, आणि मग बाज उचलून, बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, धुऱ्यांवरून चालत रस्त्यावर येईपर्यंत त्यांना पुरेसा वेळ मिळायचा. पावसात बाळंतिणीला रस्त्याकडेला भिजत ठेवावं लागायचं नाही. रस्त्यावर माणूस उभा करायची गरज त्या लोकांना कधी पडलीच नाही. वाईट दिवसांत, जेव्हा अनोळखी गाडी दिसली की दोन्हीकडच्या, जंगलातल्या आणि पोलिसांच्या, बंदुका वळायच्या, तेव्हाही तुम्हाला कोणी अडवलं नाही, कारण तुम्ही वळणावर दिसायच्या आधीच ऐकू आलेले असायचात. "भाऊची गाडी" म्हणायचे सगळे. अजून तेच म्हणतात. चौदा वर्षं मी चालवते आहे, पण बाईची गाडी काही कोणी म्हटलं नाही.

मी गाडी शिकत होते तेव्हाचा तुमचा एक ओरडा अजून कानात आहे. बिडी ओढत बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात केला आणि मी गिअर सांभाळण्याच्या नादात पुढे निघून गेले. तुम्ही मान वळवून त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मांगं घे." मी म्हटलं, मला रिव्हर्स नीट जमत नाही. "जमन. मांगं घे." चिखलातून, दोनदा बांधीत चाक घालून, मी गाडी मागे नेली. म्हाताऱ्याला कुठेच जायचं नव्हतं. त्याने नुसता रामराम घालायला हात केला होता. मला हसावं की रडावं कळेना, आणि तुम्ही खाली उतरून त्याच्याजवळ बिडी पेटवून बसलात. घरी येताना म्हणालात, "जे गाडी आयकू येते, तिनं थांबा लागते." एवढंच. तुम्हाला लांब बोलता यायचं नाही, पण जे बोलायचात ते डोक्यातून जात नाही.

आणि तरी एक गोष्ट मला त्याआधी, शाळेत असतानाच, खटकली होती, ती आज इथे लिहून ठेवते. बाजाराच्या दिवशी परत येताना, शेवटच्या टोल्याच्या आधी तो लांब उतार लागतो ना, दोन्हीकडे मोहाची झाडं आहेत तो, तिथे तुम्ही कधी कधी किल्ली फिरवून इंजिन बंद करायचात. गाडी नुसती घरंगळत जायची. चाकाखालचे खडे ऐकू यायचे, पाखरं ऐकू यायची, आणि तुम्ही स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायचात. एरवी तुम्हाला गुणगुणताना मी पाहिलं नाही. मी विचारलं, इंजिन काऊन बंद केलं? "पेट्रोल वाचवून राह्यलो," म्हणालात. मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं की माझे बाबा बिनपेट्रोलची गाडी चालवतात.

मी नर्सिंग करून उपकेंद्रात लागले तेव्हा तुम्ही मला साडी आणली नाहीत, घड्याळ आणलं नाहीत. मागचं एक बाक कापून, त्याला लोखंडी पट्ट्या जोडून लांब केलंत, इतकं की बाई आडवी झोपू शकेल. उशाशी सलाईन टांगायला आकडासुद्धा लावलात. वर मला दाखवताना लाजलात. त्याच वर्षी त्या शेवटच्या टोल्यावरची एक बाई त्याच बाकावर बाळंत झाली. नाल्याला पाणी चढलं होतं, तुम्ही गाडी पाण्याच्या काठाशी उभी केलीत, पण इंजिन चालू ठेवलंत, कारण बंद केलं आणि पुन्हा लागलं नाही तर? मी मागे घामाघूम, आणि तुम्ही पुढे तोंड फिरवून बसलेले, दर दोन मिनिटांनी विचारताय, "झालं का?" मुलगी झाली. रडली ती इंजिनापेक्षा मोठ्याने. तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "हिचा सायलेन्सर फुटला." तिची आई तशा अवस्थेतही हसली होती.

त्या मुलीबद्दलच लिहायचं आहे मला. मगापासून टाळते आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी तुमचं इंजिन काढलं. ते धूर सोडत होतं, ऑइल पीत होतं, चढावर दम टाकत होतं. माझा उजवा खांदाही गेला आहे. तुमचं ते दगडासारखं स्टेअरिंग वळवून घरी आले की रात्री कूस बदलता यायची नाही. आलापल्लीच्या मिस्त्रीने नवं डिझेल इंजिन बसवलं, पावर स्टेअरिंग, नवे ब्रेक, मऊ सीट. पहिल्या दिवशी एका बोटाने गाडी वळवली आणि मला खरंच रडू आलं. आवाज म्हणाल तर रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीसारखा, आणि तोसुद्धा हळू. सूरजागडच्या खाणीकडचे ट्रक जातात त्या डांबरी रस्त्यावर तर माझाच मला ऐकू येत नसे. दोन-चार गावांत मी सांगितलं की भाऊची गाडी आता अशी वाजते. बाकीच्यांना आपोआप कळेल असं धरलं.

भादव्यातला बाजाराचा दिवस होता. पाऊस सकाळपासून लागलेला. दुपारी चारच्या सुमारास मी त्या उतारावरून खाली आले, टोल्याच्या वळणावरून पुढे गेले, नाला ओलांडला, घरी आले, भात टाकला. त्या टोल्यातल्या एका घरात ती मुलगी, तुमची फुटक्या सायलेन्सरची, पहाटेपासून अडली होती. लग्न तिचं त्याच टोल्यात झालं होतं. नवरा आणि सासू बाज तयार ठेवून दारात बसले होते. फोनला तिथे अजून रेंज नाही, आणि बोलावलेली सरकारी गाडी डांबरीपर्यंतच येते. पण काळजी नव्हती, कारण बाजाराचा दिवस होता आणि भाऊची गाडी परत यायचीच होती. गाडी गेलेली त्यांनी ऐकली. कोण्या साहेबाची असेल म्हणून कोणी उठलं नाही. अंधार पडेपर्यंत वाट बघितली, मग रात्रभर, आणि पहाटे बाज खांद्यावर घेऊन चालत माझ्या उपकेंद्राकडे निघाले. ती वाचली. बाळ नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि त्या मी खाल्ल्या असत्या. ती माझा हात धरून, मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "बाई, आमी आयकून राह्यलो होतो. दिवसभर आयकून राह्यलो होतो." मी तिथून उठून उपकेंद्राच्या मागे गेले आणि तिच्या बाजेवरची गोधडी धुवायला घेतली.

तेव्हापासून मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की नुसती रडत बसले. एकूणएक टोल्यावर नवी गाडी घेऊन गेले, उभी करून रेस दिली, म्हटलं ऐका, लक्षात ठेवा. लोक माना हलवायचे. पुढच्या आठवड्यात मी जाताना कोणी बाहेर यायचं नाही. एका म्हातारीने तर मला तोंडावर सांगितलं, "सगड्याच गाड्या तश्या वाजतात बाई, आमी कोन्या कोन्या गाडीले धावाव?" हॉर्न वाजवून पाहिला, पण हॉर्न ट्रकवाले दिवसभर वाजवतात, त्याला आता कुत्रंही मान वर करत नाही. मिस्त्री म्हणाला, जुन्या इंजिनाचा आवाज मोबाइलमध्ये भरून छतावर भोंगा लावून टाकू. तेही केलं, बाबा. लाज सोडून केलं. भोंग्यातून तुमची गाडी लग्नाच्या वरातीसारखी केकाटली, पोरं मागे धावली, आणि मी घरी येऊन भोंगा काढून टाकला.

मग चंद्रपूरच्या एका मिस्त्रीकडे गेले. जुन्या जीपा जशाच्या तशा करून देण्यात त्याचा हातखंडा, नागपूरचे हौशी लोक त्याच्याकडे रांग लावतात. तो गाडी बघायला इथवर आला, तुमच्या इंजिनावरून असा हात फिरवला की मला त्याच्याबद्दल माया वाटली. "बाई, हे जिवंत हाय अजून. दोन महिन्यात कंपनीतून निघाली तशी उभी करून देतो. रंग, बोल्ट, सगडं ओरिजनल." आणि मग मागे वाकून त्याने ते लांब बाक पाहिलं. "हे मात्र काढा लागन. हे ओरिजनल नाई." मी त्याला चहा पाजला आणि इंजिनापुरतं काम करून दे म्हटलं. ते त्याने चोख केलं. तो गेल्यावर मी त्या बाकावर कितीतरी वेळ बसून होते. काही बदलू नको म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच करवत चालवली होती. मग तुम्ही नक्की काय बदलू नको म्हणालात, ते तरी स्पष्ट सांगून जायचं होतं.

ती मुलगी पुन्हा पोटुशी आहे. पुन्हा भादव्यातच भरणार. नाला तेव्हा तुडुंब असतो. गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले, म्हटलं, आखाड लागला की माझ्याकडे राहायला ये, मी तुला खाली पाऊल ठेवू देणार नाही. ती म्हणाली, "धानाचा रोवणा सोडून कशी येऊ? सासूच्यानं वाकनं होत नाई आता." मी नवऱ्याला दटावलं, सासूच्या पाया पडायची तेवढी राहिले. ती मला पोचवायला वळणापर्यंत आली आणि अगदी सहज म्हणाली, "कायले घाबरता बाई? भाऊची गाडी दुरुस्त होऊन राह्यली म्हणते ना? आवाज आला का मी निंगतो." तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

आता तुम्हीच सांगा. नवं इंजिन कमरेएवढ्या पाण्यातून जातं, ब्रेक जागच्या जागी लागतात, पण ते कोणाला हाक मारत नाही. तुमचं इंजिन चढावरून सगळ्या जंगलाला हाक मारतं आणि नाल्यात पाणी शिरलं की गप्प बसतं. एकाने ती माझ्यापर्यंत पोचणार नाही, दुसऱ्याने मी तिला दवाखान्यापर्यंत पोचवीन की नाही सांगता येत नाही. महिनाभर डोक्यात हेच दळण चालू आहे. जेवण जात नाही. काल एका बाळाचा डोस वहीत लिहायचा राहिला, तीस वर्षांत पहिल्यांदा.

आज दुपारी मी आलापल्लीच्या मिस्त्रीला निरोप दिला की जुनं बसव. तो स्वतःच येऊन विचारून गेला. "बाई, बसवतो ना, पन पावर स्टेअरिंग जाईन. त्याचा पंप या नव्या इंजिनालेच हाय. तुमचा खांदा?" मी म्हटलं, खांदा माझा आहे. ब्रेक नवेच ठेव, बाकाला हात लावू नको, आणि पाण्यापासून जेवढं झाकता येईल तेवढं झाक. तो मान डोलवून गेला. उद्या सकाळपर्यंत मी फिरले तर फिरले, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यालाही माझी खात्री वाटत नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही हे माहीत असल्यामुळे एक गोष्ट लिहिता येते आहे. तुमचं इंजिन बंद पडलं नव्हतं, बाबा. गेल्या उन्हाळ्यात आलापल्लीच्या मिस्त्रीने उघडून पाहिलं तेव्हाच तो म्हणाला होता, रिंगा बदलू, अजून पाच-सात वर्षं ओढेल. खांद्याचं मी सगळ्यांना सांगितलं, आणि खांदा दुखतो हे खरंच आहे. पण मला तो आवाजच नको झाला होता. तीस वर्षं, आधी तुमच्या शेजारी बसून आणि मग एकटी, मी कुठूनही निघाले की चार गावांना कळायचं. ताप, विंचू, पडलेली गरोदर बाई, दारू पिऊन फुटलेलं डोकं, सगळं माझ्या आधी रस्त्यावर येऊन उभं. मला एक दिवस, एकच दिवस, बाजारातून भाजी घेऊन कोणी न थांबवता घरी यायचं होतं. भादव्यातल्या त्या दिवशी उतारावरून येताना मी टोल्याच्या वळणाकडे बघितलं. तिचे दिवस भरत आले आहेत हे माझ्या वहीत होतं. अजून पंधरा दिवस आहेत असं मी धरलं होतं. उतरून दहा मिनिटं चालत गेले असते तर कळलं असतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मला बरं वाटलं होतं, बाबा. मी गुणगुणत होते.

तेव्हा मला तुम्ही आठवलात, आणि त्या दिवसापासून एक प्रश्न सोडत नाही. गाडी मी इतकी वर्षं चालवते आहे. तेवढ्याशा उतारावर इंजिन बंद केल्याने पेट्रोल असं काय वाचतं, हे मला आता ठाऊक आहे. काहीच वाचत नाही. उतारावर ज्या दिवशी तुम्ही किल्ली फिरवायचात, त्या दिवशी त्या टोल्यात कोणी बाज तयार ठेवून बसलं होतं का, हे तुम्हाला कधी कळलं का? कळलं असेल तर घरी येऊन चहा कसा प्यायलात, तेवढं मला शिकवायचं राहून गेलं.

उद्या जुनं इंजिन बसेल. त्या उतारावर मी किल्लीला कधीही हात लावणार नाही, असं वचन तुम्हाला द्यावं म्हणून मी हे लिहायला बसले होते. ते वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.